हात तापवणं

"तो शिव्या देईन त्या दिवशी नोको भेऊ, पोरी. गोड बोलन, सगळं समजल्यावानी बोलन, त्या दिवशी भेवजो."

रुख्माबाईंनी हे सांगितलं तेव्हा सुलोचनाला या घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. चुलीपुढे बसून ती भाकरी थापायला शिकत होती आणि तिची प्रत्येक भाकरी परातीतून उचलताना फाटत होती. वर्ध्याच्या कॉलेजातून इंटर झालेली मुलगी. सासू काहीबाही सांगणारच, अशी मनाची तयारी करून आलेली. ती हसली, "बरं आत्याबाई" म्हणाली आणि पुढची भाकरी फाडली. मुलानं बायकोशी गोड बोललेलं म्हाताऱ्या माणसाला खुपतं, एवढाच अर्थ तिनं काढला. रुख्माबाई मुलाबद्दल कमी आणि वारलेल्या नवऱ्याबद्दल, नानाजींबद्दल, जास्त बोलत होत्या, हे उमगायला पुढे सुलोचनाची लेक, कांता, जन्मावी लागली.

नानाजी पाणाड्या होते. त्यांचा मुलगा वासुदेव, सुलोचनाचा नवरा, तोही पाणाड्या निघाला. उंबराची बेचकी दोन्ही मुठींत धरायची, अनवाणी शेत तुडवायचं, आणि जिथं बेचकीचं टोक खाली ओढलं जाईल तिथं टाच रोवून सांगायचं, इथं खोदा. कारंज्यापासून आतल्या सगळ्या गावांतल्या विहिरी या बापलेकांनी दाखवलेल्या. त्याची एक रीत होती. शेताचा मालक मोहाच्या दारूचा पेला घेऊन यायचा. पहिला घोट धरतरीला ओतायचा आणि उरलेला पाणाड्यानं घ्यायचा. धरतरीनं घेतल्यावर पाणाड्याला नाही म्हणता येत नसे, तो तिचा अपमान. शिवाय थंड्या हाताला पाणी दिसत नाही, अशी गावाची पक्की समजूत. खापरीच्या या घरात दारू हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं. हात तापवणं म्हणत. सरकारनं दारूबंदी केली होती, पण हात तापवायला कुठली बंदी.

वासुदेवाचा हात मग शेत नसतानाही तापू लागला.

आणि खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी सुलोचनाला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. दिवसभर शब्द गिळून बसणारा हा माणूस पहिल्या पेल्यानंतर असा काही मोकळा व्हायचा की समोरच्यानं थक्क व्हावं. त्याची नजर निवळायची. कोणाच्या मनात काय चाललंय ते तो सहज सांगून जायचा. "तू इथं पाहुणीवानी राह्यतं," एकदा तो तिला म्हणाला, "आनंदावहिनी ओरडली का तुले बरं वाटते. रडाले कारण भेटते ना." हे इतकं खरं होतं, आणि इतक्या मायेनं म्हटलेलं, की ती रात्रभर त्यावर विचार करत राहिली. आपल्या नवऱ्याला दिसतं, असं तिला वाटलं. त्या तासाची ती वाट पाहू लागली. दुसऱ्या पेल्यानंतर तेच वाक्य परत यायचं, तिसऱ्यानंतर त्याचा अर्थ जायचा, त्यापुढे नुसता आवाज राहायचा. पहिल्या तासाची किंमत म्हणून ती पुढचं सगळं सोसत असे.

मग एका कार्तिकात त्यानं चालायला लागलेल्या कांताला विहिरीच्या थारोळ्यावर बसवलं. मोटेचं पाणी जिथं पडतं तो काठाचा दगड, खाली विहीर. पाणी जमिनीत कसं निजतं ते तो तिला समजावून देत होता. बेचकी दाखवावी म्हणून ती आणायला घराकडे गेला. लेक मागे एकटी आहे, हे त्याच्या ध्यानात होतं. ती हलणार नाही, याची त्याला खात्री होती. डोमाजी सालदारानं पोरीला झबल्याला धरून मागे ओढलं. "मी इतका शुद्धीत कधीच नोतो," नंतर वासुदेव पुन्हापुन्हा सांगत राहिला, आणि ते सांगताना त्याचाच चेहरा पांढरा पडत गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं सोडली. हात थरथरायचे, जेवण जायचं नाही, पण सोडली. संक्रांत गेली, शिमगा गेला. सुलोचनानं त्याला एकच सांगून ठेवलं होतं, "पुन्हा हात तापला तर मी कांताला घेऊन वर्ध्याला जाईन." तो मान हलवून बरं म्हणाला होता. आपल्याला खरंच जाता येईल का, हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

चैत्र सरता सरता विहिरीनं दगा दिला.

मोट वर यायची ती निम्मी चिखलानं भरून. संत्र्याची बाग ऐन आंबिया बहारात होती, फळं लिंबाएवढी झाली होती, आणि पान दुपारी मिटलं की संध्याकाळीही उघडत नव्हतं. अण्णाजींनी, म्हणजे वासुदेवाच्या मोठ्या भावानं, नवी विहीर खोदायचं ठरवलं. वडारांची टोळी कारंज्याला येऊन थांबली होती. जागा तेवढी सांगायची होती. घरात पाणाड्या असताना दुसऱ्याला बोलावणं म्हणजे गावभर हसू.

"थंड्याच हातानं पाह्यतो," वासुदेव म्हणाला.

"पाह्य," अण्णाजी म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते.

सकाळी उन्हं चढायच्या आत सगळे बागेच्या खालच्या शेतात गेले. सुलोचनाही गेली. सुनेनं अशा वेळी शेतात जाऊ नये असं आनंदाबाईंनी, तिच्या थोरल्या जावेनं, सुचवून पाहिलं, पण कांताला कडेवर घेऊन डोक्यावरून पदर ओढून ती चालू लागली तेव्हा कोणी अडवलं नाही. नवरा कुठं जातो, काय करतो, किती वेळ गप्प राहतो, यावर नजर ठेवायची सवय तिला एव्हाना लागली होती. बागेत संत्र्याची पानं सुकलेली असोत की नवऱ्याचे ओठ, ती सारख्याच बारकाईनं पाहत असे.

वासुदेवानं चपला काढल्या. बेचकी धरली. तो बांधाच्या कडेनं चालू लागला, मग आडवा, मग परत. बऱ्याच वेळानं तो एका जागी थबकला. एका अंगाला नांगरानं फुटलेलं वारूळ होतं, दुसऱ्या अंगाला बांधावरचं हिवराचं झाड. दोन्हींच्या मधोमध तो उभा राहिला. बेचकीचं टोक हललं, किंवा हललं असं सुलोचनाला वाटलं. त्यानं आणखी एक फेरी मारली आणि पुन्हा तिथंच आला.

"इथं वाटते," तो म्हणाला.

"वाटते म्हंजे?" अण्णाजींनी विचारलं.

"वाटते म्हंजे वाटते, दादा."

"नानाजी कधी वाटते म्हणे नाई."

"नानाजी नाई म्हणे," वासुदेव म्हणाला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "मले वाटते."

"किती खोल?"

"नाई सांगता येत."

"पाषाण लागला तं?"

"लागू शकते."

अण्णाजींनी डोमाजीकडे पाहिलं. डोमाजीनं जमिनीकडे पाहिलं. कोणीच नारळ पुढे केला नाही. वासुदेवानं बेचकी खाली ठेवली, चपला घातल्या आणि कोणाशी न बोलता घराची वाट धरली. त्याच्या मागून चालताना सुलोचनाला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. त्याची दया आली. आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, या माणसावर आपण भरवसा ठेवू शकतो, असं वाटलं. पाषाण लागू शकतो हे ज्याला कबूल करता येतं, तो शुद्धीत आहे.

घरी आल्यावर अण्णाजी ओसरीवर बसले. पितळी तांब्यातलं पाणी त्यांनी अर्धं प्यायलं, अर्धं पायावर ओतलं.

"माय," ते आत पाहून म्हणाले, "तू सांग त्याले."

"काय सांगू?" रुख्माबाई तांदूळ निवडत होत्या.

"एक पेला. फकत एक. धरतरीचा."

आतल्या दाराशी उभी असलेली सुलोचना आनंदाबाईंकडे वळली. भासऱ्यांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, सुनेनं थेट बोलायची या घरात पद्धत नव्हती, जे काही म्हणायचं ते जावेच्या तोंडून. "जाऊबाई, दादाजींना सांगा, जागा त्यांनी सकाळीच दाखवली आहे."

"आयकू आलं मले," अण्णाजी म्हणाले. "सांग तिले, त्याले सोताची खातरी नाई. वडार एकदा कुदय मारून बसले आन् खाली काळा फत्तर लागला, तं दुसरी जागा खोदाले टाइम कुठचा? तवरिक बाग जळन."

"कार्तिकात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे," सुलोचना जावेला म्हणाली.

"माह्यतच हाय ना," आनंदाबाई म्हणाल्या, आणि त्या नवऱ्याला म्हणाल्या, "खरं बोलते ते. त्या दिवशी मीच पोरगी कुशीत घेऊन बसली होती. नका देऊ त्याले."

सुलोचनाला जरा धीर आला. आनंदाबाई एरवी तिच्या बाजूनं क्वचितच असत. पण अण्णाजी भांडले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "बाग कोणं जगवली, आनंदा?"

आनंदाबाई उठून परसात गेल्या आणि थोड्या वेळानं सुलोचना त्यांच्यामागे गेली. त्या रांजणाला टेकून उभ्या होत्या. त्यांना मूल नव्हतं. बाग लावली त्या पहिल्या उन्हाळ्यात मोट चालत नव्हती, आणि नाल्यातून डोक्यावर घागरी आणून त्यांनी एकेक रोप जगवलं होतं. घरातले इतर ज्याला तिसऱ्या ओळीतलं झाड म्हणत, त्याला त्या 'माही लंगडी' म्हणत, कारण त्याचं खोड वाकडं होतं.

"जाऊबाई," सुलोचना म्हणाली.

"काऊन आली?" त्यांनी तोंड फिरवलं नाही. "मले मालूम हाय तू काय म्हणशीन. तू बराबरच म्हणशीन. पण तुले कांता हाय, सुलोचना. मले झाडं हायेत."

"एका पेल्यानं ते थांबणार नाहीत."

"थांबन. थो आता तसा नाई राह्यला. तूच म्हणत ना का सुधरला म्हणून?"

हे सुलोचनाच म्हणत होती, ते खरं होतं. शिमग्याला शेजारणींपुढे, मोठ्या अभिमानानं.

ती परत ओसरीवर आली तेव्हा वासुदेव खांबाशी उकिडवा बसला होता. अण्णाजी त्याच्याशी बोलत नव्हते, आणि तेच सगळ्यांत अवघड होतं. रुख्माबाईंच्या समोरचं सूप तसंच पडलं होतं. मग सुलोचनानं पदर पुढे घेतला आणि पहिल्यांदा भासऱ्याला थेट म्हणाली, "दादाजी, त्यांना खात्री नसेना. आपल्याला खात्री नको आहे, पाणी हवं आहे. त्यांनी सांगितलं तिथं खोदा."

डोमाजी उंबरठ्यावरून उठून खाली जाऊन उभा राहिला. अण्णाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही, वासुदेवाकडे पाहत ते म्हणाले, "तुही बायको माह्याशी बोलून राह्यली, वासुदेवा. तू बोल तिच्याशी."

"काय बोलू?" वासुदेव म्हणाला. "बराबर बोलते ते."

"मंग तू सांग. खोदू सकाळच्या जागेवर? तू म्हण हो, मी आत्ता निरोप धाडतो वडारायले. तुह्या जबानीवर."

उन्हात चिमणी पाण्याच्या भांड्यावर येऊन बसली आणि उडाली. वासुदेवानं तोंड उघडलं, मिटलं. एक हो पुरला असता. त्याचा उजवा अंगठा डाव्या तळव्यावर फिरत होता, एखादा डाग पुसावा तसा.

"मी नाई सांगू शकत," तो अखेर म्हणाला.

रुख्माबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. आतल्या फडताळातून त्यांनी नानाजींचा कासंडीसारखा जाड बुडाचा पेला काढला आणि लुगड्याच्या पदरानं पुसला. बाटली घरात कुठून आली ते सुलोचनाला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही तिनं विचारलं नाही. तिला एवढंच दिसलं की म्हातारीनं पेला काठोकाठ भरला तरी एक थेंबही बाहेर पडला नाही.

"आत्याबाई, तुम्हीच सांगितलं होतं मला," ती म्हणाली.

"सांगितलं होतं," रुख्माबाई म्हणाल्या. "पण तवा विहिरीले पाणी होतं, पोरी."

ऊन कलल्यावर सगळे पुन्हा शेतात गेले. कांता झोपली होती, तिला डोमाजीच्या बायकोपाशी ठेवून सुलोचना गेली. आपण गेलो नाही तर ते घडणार नाही, असं तिला क्षणभर वाटून गेलं होतं. पण न जाणं तिला जमणारं नव्हतं.

अण्णाजींनी पेला घेतला, पहिला घोट मातीवर ओतला. माती इतकी तापलेली होती की ओल दिसायच्या आत गेली. मग त्यांनी पेला वासुदेवापुढे धरला. वासुदेवानं सुलोचनाकडे पाहिलं. ती नजर विनवणीची नव्हती, माफीचीही नव्हती. गाडी येण्याआधी फलाटावरचा माणूस सामानाकडे पाहतो तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं, सगळं आहे ना जागेवर. आणि तो प्यायला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग त्याचे खांदे खाली आले. पाठ सरळ झाली. त्यानं बेचकी उचलली, पण चालायला लागण्याआधी तो हसला, तो जुना निवळलेला हसरा चेहरा, ज्याची सुलोचनानं पहिल्या वर्षी वाट पाहिली होती.

"दादा," तो म्हणाला, "तुले पाण्याचं भेव नाई. वाया गेलं तं लोक म्हणतीन अण्णाजीनं दारुड्या भावाचं आयकलं, याचं भेव हाय. आता मी पेलो, आता तू मोकया झाला. आता चुकलं तं पेल्यावर ढकलता येईन."

अण्णाजी हसले. त्यांना बोचायला हवं होतं, पण ते हसले, कारण हे ऐकण्यासाठीच तर सगळे जमले होते. हा माणूस पुन्हा खरं बोलायला लागला होता.

"वहिनी," वासुदेव आनंदाबाईंकडे वळला, "तू लंगडीजवय जाऊन सांग, उद्यापासून धीर धर म्हणा."

आनंदाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "सांगतो, बापा," त्या म्हणाल्या.

"आन् माय, तू नोको रडू. तुले नानाजी आठवले, मले मालूम हाय. मी नानाजी नोहो."

रुख्माबाई रडत नव्हत्या. पण मुलानं म्हटल्यावर त्या रडू लागल्या.

सुलोचना एका बाजूला उभी राहून हे पाहत होती. तिला त्यात काहीच नवं दिसलं नाही. त्यानं म्हटलेलं प्रत्येक वाक्य त्या घरातल्या प्रत्येकाला आधीच माहीत होतं, तिलाही. सकाळी, थंड्या हातानं, तोही हे सगळं जाणून होता, आणि गप्प बसला होता. पहिल्या वर्षी ती ज्याला नजर समजली ती नजर नव्हतीच. जे दिसतं ते बोलायची भीती तेवढी निघून जात होती. आणि ती भीती निघून गेली की त्याच दारानं थारोळ्याची भीतीही निघून जायची.

वासुदेव चालू लागला. या वेळी फेऱ्या नाहीत, थबकणं नाही. ताठ मानेनं, मागे गाव असल्यासारखा, तो सरळ गेला आणि टाच रोवली. वारूळ एका अंगाला, हिवर दुसऱ्या अंगाला. मधोमध.

"इथं," तो म्हणाला. "गोडं पाणी. मुरूम लागन, फत्तर नाई लागत."

"नारय आण रे, डोमाजी," अण्णाजींचा आवाज मोकळा झाला होता.

"सकाळचीच जागा आहे," सुलोचना म्हणाली.

"काय?" आनंदाबाई म्हणाल्या.

"सकाळी ते इथंच थांबले होते. दोनदा. मी पाहिलं."

डोमाजीनं वारुळाकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि मान डोलावली. "होय, इथंच होते मालक."

"मंग तं चांगलंच झालं," अण्णाजी म्हणाले. "पक्कं झालं. सकाळी अंदाज होता, आता खातरी झाली." त्यांनी नारळ दगडावर आपटला, पाणी टाचेच्या खड्ड्यात ओतलं, कुंकू वाहिलं. आनंदाबाईंनी खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांत आधी सुलोचनाच्या हातावर ठेवला. त्यात डिवचणं नव्हतं, त्या खरंच खूश होत्या. तुकडा तोंडात टाकावा की नाही हे न कळून सुलोचना तो मुठीत धरून उभी राहिली.

बाकीचे घराकडे वळले. वासुदेव टाचेच्या खुणेपाशी उभा होता. ती त्याच्याजवळ गेली.

"तीच जागा होती," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "सकाळीच मालूम होतं मले."

"मग ओसरीवर हो का नाही म्हणालात? एक हो म्हटलं असतं तर सगळं संपलं होतं."

तो इतका शांत होता, त्याचे डोळे इतके स्वच्छ होते, की एखाद्या परक्यानं पाहिलं असतं तर दोघांतला शुद्धीत कोण आणि कोण नाही हे ठरवताना तो चुकला असता. ती मात्र मुठीतला खोबऱ्याचा तुकडा नखानं कुरतडत होती.

"आयक," तो समजावून सांगू लागला. "सकाळी चुकलो असतो तं मी चुकलो असतो. आता चुकलो तं पेला चुकन. इतकंच हाय. बाकी काही नाई त्याच्यात. लोक म्हणते दिसते. दिसत-गिसत काही नाई, सुलोचना. फकत आपलं वजन कमी होते."

"हे कळतं तुम्हाला."

"कळते ना. आत्ता सगळं कळते मले. तू जाशीन, तेही कळते. काऊन जाशीन तेही कळते, आन् तुहं बराबर हाय." तो तिच्याकडे पाहून हसला, अगदी मायेनं. "असा कायम राह्यलो असतो ना मी, तं तुले जा लागलं नसतं."

मग त्यानं वळून डोमाजीला हाक मारली, आणि पेल्यात काही उरलं आहे का, असं विचारलं.

पाणी लागलं. मुरूमच लागला आणि त्याखाली गोडं पाणी लागलं, वडारांची कमरेपर्यंतची धोतरं भिजली, गावातल्या बाया बघायला आल्या. बाग वाचली. पाषाण लागला असता तर कदाचित वेगळं झालं असतं, असं सुलोचनाच्या मनात पुष्कळदा येऊन गेलं, आणि दर वेळी आनंदाबाईंची झाडं आठवून तिला स्वतःची लाज वाटली. पाणी लागल्यामुळे हाताची ख्याती वाढली. वैशाखातच तीन गावांचे लोक एकेक बाटली घेऊन ओसरीवर येऊन बसले. अण्णाजींनी पहिल्यांना परत धाडलं, दुसऱ्यांशी भांडले, तिसऱ्यांच्या वेळी घरातून निघून गेले. त्यांना जे कळायचं ते उशिरा कळलं, पण कळलं, हे सुलोचना आजही मान्य करते. वासुदेव कोणालाच नाही म्हणत नव्हता. धरतरीनं घेतलं की त्याला घ्यावंच लागे.

रोहिणी नक्षत्र लागायच्या आधी सुलोचना कांताला घेऊन वर्ध्याला गेली. निघताना आनंदाबाईंनी तिला जवळ घेतलं. रुख्माबाई बैलबंडीपर्यंत आल्या, कांताच्या पायाला हात लावून परत गेल्या. वासुदेव घरी नव्हता. सेलूकडच्या कोण्या शेतात जागा दाखवायला गेला होता. मुलींच्या शाळेत सुलोचनाला काम मिळालं. कांता आता पाटीवर अक्षरं काढते.

तो खापरीला फार दिवस राहिला नाही. भाऊ-वहिनींशी भांडला, मग भांडण विसरला, मग घरही विसरल्यासारखा हिंडू लागला. आता तो बहुतेक कारंज्याला असतो, हमरस्त्यावर ट्रका थांबतात त्या चहाच्या दुकानांपाशी. तिथून कोणी ना कोणी त्याला आपल्या शेतात घेऊन जातं आणि काम झालं की परत आणून सोडतं, कधी सोडतही नाही. तिकडून आलेला माणूस भेटला की सुलोचना विचारते, आणि प्रत्येकाचं उत्तर एकच असतं, वासुदेवराव ना, एकदम मजेत आहेत, काय सुंदर बोलतात.

हे उत्तर देणारे सगळे त्याला दुपारनंतर भेटलेले असतात. म्हणून नागपूर-अमरावतीच्या रस्त्यानं तुमचं जाणं झालं, तर कारंज्याला सकाळी उतरा. उन्हं चढायच्या आत. मिशा पिकायला लागलेल्या, उंच, हडकुळा माणूस, दुकानाच्या मागच्या बाजूला बसलेला असेल. बोलणार नाही, तुम्हीच बोला. त्याला पाण्याचं काही विचारू नका. काल जेवला का, कुठं झोपला, अंगावर ताप आहे का, एवढं विचारा, आणि तो काही सांगायला लागला तर मधे बोलू नका, फार हळू सांगतो. मग वर्ध्याला, मुलींच्या शाळेत येऊन कळवा. बरं नसलं तरी कळवा.